राहेलअक्कांचा पाट

राहेलअक्का पाटावर बसायला तयार नव्हत्या. बादलीतलं पाणी निवत होतं. मी टॉवेल धरून उभी. त्या खाटेवरूनच म्हणाल्या, "मेल्यावर घाल आंघोळ. तवा न्हाई म्हणणार न्हाई."

हे मागच्या महिन्यातलं. मंडळी, तुम्ही अक्कांसाठी नांदेडहून, अहमदपूरहून आलात. मला बोलणं जमेल असं वाटत नव्हतं. म्हणून घडलं तेवढंच सांगते.

मी औशाची. घरात महादेवाची पूजा. महिनाभर सेवा करायची म्हणून या ख्रिस्ती आश्रमात आले. इथे म्हातारे, आजारी आणि आम्ही सेवेकरी एकत्र राहतो. येशूनं शिष्यांचे धुतले तसे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सगळे एकमेकांचे पाय धुतात. मी आले त्याच महिन्यात तो गुरुवार आला, आणि मी एकामागून एक पाय धूत सुटले. माझे पाय धुवायची वेळ आली, तशी बादली उचलून निघाले. राहेलअक्कांनी मनगट धरलं.

"कुठं चाललीस?"

"पाणी आणते, अक्का."

"पाणी लई हाय. बस खाली."

"तुम्ही वयानं मोठ्या. माझ्या पायांना हात कशाला?"

"मोठेपणा बाहेर, चपलांजवळ. हितं नुसतं देऊन भागत न्हाई. घ्यायला बी लागतंय."

मी बसले. माझ्या टाचांच्या भेगा बघून त्या म्हणाल्या, "औशाचं रान हाय का काय हे?" सगळे हसले. मीही हसले. महिना संपला. मी गेले नाही.

अशा अक्का. आणि स्वतः खाटेला खिळल्यावर कुणाला हात लावू देईनात. पाठीला जखम झालेली. डॉक्टर म्हणाले, स्वच्छ ठेवली नाही तर चिघळेल, मग हातात काही राहणार नाही. अक्का म्हणायच्या, राहू दे.

म्हणून ती बादली. मी म्हणाले, "अक्का, चपला बाहेर आहेत. मोठेपणा तिथं ठेवा."

त्या म्हणाल्या, "माझंच मला परत करायलीस व्हय गं?"

मग हात पुढे केला. मी धरून पाटावर बसवलं. त्यांनी पाठ माझ्याकडे केली. त्या रडल्या का? मला दिसलं नाही. मी विचारलं नाही.

परवा त्या गेल्या. शेवटची आंघोळ आम्हीच घातली. बोलल्याप्रमाणे त्या नाही म्हणाल्या नाहीत.

आता आपण उभे राहू. थोडा वेळ कुणी बोलायचं नाही. त्याआधी एवढंच. त्या पहिल्या आंघोळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले. अक्का भिंतीला धरून उतरल्या होत्या, पाटावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "पाणी तापव की. कवाची बसलीय."