मुक्ताबाईंचा शोषखड्डा आणि राहून गेलेला निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कॉलनीचा गाडा वर्षानुवर्षं ओढणारे आदरणीय काकासाहेब, देवगाव रंगारीहून, म्हणजे मुक्ताबाईंच्या माहेरहून, मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे अप्पाराव, नव्या शालीत अवघडून बसलेल्या आपल्या सत्कारमूर्ती श्रीमती मुक्ताबाई, त्यांचे चिरंजीव ऋतुराज, सूनबाई तनुजा, आणि समोर बसलेल्या माझ्या पडेगावकर बंधू-भगिनींनो, सगळ्यांना माझा नमस्कार आणि आदाब.

प्रथम एक खुलासा करते. माझ्या मागच्या फ्लेक्सवर ‘निरोप समारंभ’ असं छापलेलं आहे आणि ‘निरोप’ या शब्दावर कागद चिकटवून ‘सत्कार’ असं लिहिलेलं आहे. पंख्याच्या वाऱ्यानं तो कागद मघापासून उडतोय, त्यामुळं मुक्ताबाई घडीत चालल्यात आणि घडीत थांबल्यात असं दिसतंय. पाहुण्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगते, मुक्ताबाई कुठंही जात नाहीत. फ्लेक्स उन्हाळ्यात छापला, तेव्हा त्या जाणार होत्या. आम्ही म्हटलं, नवा छापू या. तर अध्यक्ष म्हणाले, “चांगला फ्लेक्स हाय, फेकायचा कशाला? दुरुस्त करा.” आजचा प्रसंगच मुळात एका दुरुस्तीमुळं आलेला आहे, तेव्हा आम्ही गुमान कागद चिकटवला.

आता ही दुरुस्ती कशाची, हे जेवणाआधी सांगावं की नाही, यावर आमच्या घरी सकाळी बराच खल झाला. आमचे शफीकमियां, म्हणजे माझे यजमान, यांना आपण सगळे टेलर म्हणून ओळखता. ते म्हणाले, “बेगम, लोगां खाना खाने बैठनेवाले हैं, जरा संभालके बोलो.” पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेली बाई आहे. विषय टाळून निबंध लिहिणाऱ्याला मी कधी मार्क दिले नाहीत. तेव्हा स्पष्टच बोलते. विषय आहे मुक्ताबाईंच्या घराचा शोषखड्डा.

हसा, हसा. पण ज्यांच्या घरापर्यंत ड्रेनेजची लाईन आलेली आहे त्यांनीच हसावं. आपल्या कॉलनीत ती अजून आलेली नाही. आपलं सगळं जातं ते अंगणातल्या दगडी खड्ड्यात. आतून दगड नुसते रचलेले, मधे सिमेंट नाही, म्हणजे पाणी फटींतून जमिनीत मुरतं. त्याला आपण उगाच ऐटीत सेफ्टी टँक म्हणतो. तो नीट चालतो तोवर त्याची कुणाला आठवणसुद्धा येत नाही. रुसला, की मग घरातल्या थोरामोठ्यांच्या तोंडी दुसरा विषय नसतो.

यंदाच्या उन्हाळ्यात मुक्ताबाईंचा खड्डा रुसला. झाकणाच्या कडेनं पाणी वर यायला लागलं. न्हाणीत तांब्याभर पाणी ओतलं तर ते खाली जायच्या ऐवजी बुडबुडे काढत विचार करत बसायचं. ऋतुराज बिडकीनच्या कंपनीत नोकरीला, तिथंच फ्लॅट घेतलेला. तो सुट्टी काढून आला. त्यानं बांधकामाची कंत्राटं घेणारा एक गुत्तेदार आणला. गुत्तेदारानं खड्ड्याकडं एकदा पाहिलं, आभाळाकडं एकदा पाहिलं आणि निकाल दिला, “ह्याच्यात काय राम नाय राहिला साहेब. नवा घ्यावा लागन.”

नवा घ्यायचा कुठं? आपल्या पडेगावची जमीन आपल्याला ठाऊक आहे. हातभर माती, खाली काळा पत्थर. मोकळी जागा काय ती मुक्ताबाईंच्या आणि आमच्या घराच्या मधली चिंचोळी पट्टी. तिथं ब्रेकर लावला तर दोन्ही घरांच्या भिंतींना तडे जाणार, हे गुत्तेदारानं स्वतःच सांगितलं. म्हणजे जुना मेला आणि नव्याला जागा नाही. ऋतुराज आईला म्हणाला, “आई, तू एकटी इथं कुठवर धुणार-पुसणार? घर विकू. माझ्याकडं चल.”

मी इथं मुद्दाम सांगते, की मुलगा काही चुकीचं बोलला नव्हता. आजकाल आईला ‘माझ्याकडं चल’ म्हणणारे लेक मोजकेच. त्यामुळं मुक्ताबाईंना नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. त्या ‘व्हय’ म्हणाल्या आणि ओसरीवर जाऊन बसल्या. शेजारी वाळत घातलेल्या सांडग्यांवर माशा बसत होत्या, त्यासुद्धा त्यांनी हाकलल्या नाहीत. मी तेव्हाच ओळखलं, की या बाईला जायचं नाही. पण आपल्या नाकासमोर असा दर्प येत असताना, इथंच राहा असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

मग फ्लेक्स छापला गेला. हॉल ठरला. घराला गिऱ्हाईकही मिळालं. फक्त गिऱ्हाईक म्हणालं, आधी तो खड्डा उपसून रिकामा करून दाखवा, मग बघू. म्हणून उपसणीचा टँकर बोलावला.

बंधू-भगिनींनो, टँकर आला तो दिवस या गल्लीनं सणासारखा साजरा केला. आमचे शफीकमियां अत्तराची कुपी घेऊन फिरत होते आणि येईल त्याच्या कानात फाया खोचत होते. आपल्यापैकी काही जण दोन-दोनदा येऊन गेले, ते मी पाहिलं आहे. पाईप खाली सोडला, पाणी उपसून झालं, आणि तळाशी जमलेलं काही निघेना. टँकरवाल्याचा माणूस शर्ट काढून म्हणतो कसा, “मी उतरतो ना मावशी, दोन मिंटाचं काम हाय.”

आणि इतके दिवस मुकी झालेली ही बाई कडाडली. “खबरदार! ह्या खड्ड्यात माणूस उतरला तर मी आधी उडी टाकीन. माझ्या घाणीपायी कुणाच्या लेकराचा जीव जायचा नाय. तुमच्याकडं मशीन हाय ना? मग आणा मशीन. नसंल तर राहू द्या तसंच, घर बी नको इकायला.” तो बिचारा शर्ट घालून बाजूला झाला. मग जोरात पाणी मारणारी मशीन असलेली दुसरी गाडी आली. मला या बाईचा अभिमान वाटला. आजही वाटतो. सत्कार खरं तर तेवढ्यासाठीसुद्धा करायला हरकत नव्हती.

तर मशीननं वरूनच खड्ड्याच्या भिंतींवर पाण्याचा मारा सुरू केला आणि आतून काय निघालं? पांढरं. घट्ट, चिवट, पांढरं. दगडांच्या फटीफटींत लिंपल्यासारखं बसलेलं. गुत्तेदार म्हणाला, चुना असावा. ऋतुराज म्हणाला, केमिकल असावं. कंपनीत काम करतो, त्याला सगळीकडं केमिकलच दिसणार. आमच्या समोरच्या आशाबाई पदर नाकाला लावून पुढं झाल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं बया! ह्यो तर आपल्या कुरडयाचा चीक!”

त्या क्षणी गल्लीत जी शांतता पसरली, ती मी वर्गात छडी आपटूनसुद्धा कधी मिळवू शकले नव्हते.

पुरुष मंडळींसाठी थोडं स्पष्टीकरण करते. आपण वर्षभर कुरडया खाता, पण त्या कशा होतात हे बघायला कधी गच्चीवर येत नाही. गहू भिजत घालायचा, आंबू द्यायचा, वाटून त्याचा चीक काढायचा. चीक खाली बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा ओतायचं. मुक्ताबाईंची गच्ची मोठी, त्यांच्याकडं पिंपं मोठी, आणि मन त्याहून मोठं. म्हणून साऱ्या गल्लीचा गहू त्यांच्याकडंच भिजायचा. ते सगळं चिकाचं पाणी आणि पातेली विसळलेलं पाणी जायचं त्यांच्या न्हाणीच्या मोरीत, आणि तिथून खड्ड्यात. वर्षामागून वर्षं आपण त्या खड्ड्याला खळ घालत होतो. कडक इस्त्रीच्या कपड्यासारखा झाला असणार बिचारा आतून. पाणी मुरणार कुठून?

मग बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणते, माझा तर पायलीभरच असतो. दुसरी म्हणते, मी तर औंदा नुसते पापडच केले. आशाबाई म्हणाल्या, “माझं पाणी पातळ असतंय.” मी म्हटलं, बायांनो, पंचनामा पुरे. खड्डा मेलेला नाही, त्याचं तोंड बंद झालंय, आणि ते कुरडयांनी बंद केलंय. ज्यांनी बंद केलं त्यांनीच उघडून द्या.

गुत्तेदार ऐकून घ्यायला तयार नव्हता. “दुरुस्ती टिकत नसती मॅडम, जुनं ते जुनंच.” त्यावर आमचे मियां, जे माझ्यासमोर सहसा बोलत नाहीत, ते पुढं झाले. म्हणाले, “भाई, मैं चालीस बरस से पुराने कपड़े रफू कर रहा हूं. कपड़ा गला नहीं, सिर्फ टाका उधड़ा है. पूरा थान काहे को फाड़ते?” यावर ऋतुराज पहिल्यांदा हसला. आणि त्यानं आईला अट घातली. “दुरुस्त करून बघू. एक पावसाळा खड्डा टिकला, तर तू इथं राहा. वर आला, तर एक शब्द न बोलता बिडकीनला चलायचं.” मुक्ताबाईंनी लगेच त्याच्या हातावर हात मारला.

पुढं जे झालं ते आपण सगळ्यांनीच केलं, त्यामुळं जास्त सांगत नाही. मशीननं फटी मोकळ्या होईपर्यंत धुतल्या. बन्सी मिस्त्रीनं तुटका स्लॅब काढून नवा टाकला, झाकण बसवलं, मोडका पाईप बदलला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, न्हाणीचं आणि मोरीचं पाणी खड्ड्यापासून तोडून त्या चिंचोळ्या पट्टीत सोडलं आणि तिथं कर्दळ लावली. आता खड्ड्यात जे जायचं तेवढंच जातं. कर्दळीचं विचाराल, तर ती माझ्या खिडकीतून आत डोकावते. एवढी माजलीय, की तिला आता वळण लावावं लागेल.

पावसाळाभर या गल्लीनं त्या झाकणाकडं जितकं लक्ष दिलं तितकं मुलांच्या निकालाकडं दिलं नसेल. जरा जोराची सर आली की काकासाहेब छत्री घेऊन हजर. अध्यक्ष महाराज, क्षमा असावी, पण आपण एकदा त्या झाकणाला कान लावून बसला होता. सलग पाऊस झाला त्या आठवड्यात तर मुक्ताबाई जेवल्या नाहीत. भाकरी केली, झाकून ठेवली, आणि दारात उभ्या. मी म्हटलं, उभं राहिल्यानं पाणी मुरतं का? तर म्हणाल्या, “तू तुझी नमाज पढ, मी माझं बघते.” मी नमाज पढले. आणि दुआमध्ये काय मागितलं, ते या सभेत सांगण्यासारखं नाही. अल्लामियांनाही नवलच वाटलं असेल.

दसऱ्यानंतरच्या रविवारी ऋतुराज आला. तनुजा सोबत होती. त्यानं झाकण उघडलं, लांब काठी सोडली, वर काढून बघितली. पाणी खोल होतं, फार खोल. साऱ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. शोषखड्ड्यासाठी टाळ्या वाजवणारी ही कदाचित पहिलीच कॉलनी असेल.

मग तो आईजवळ बसला. म्हणाला, “आई, टिकला खड्डा. जिंकलीस तू. पण आता खरं सांग. माझ्याकडं तुला काय कमी पडणार होतं?”

तो प्रश्न त्यानं रागानं विचारला नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. मुक्ताबाई जे बोलल्या ते मी जसंच्या तसं सांगते, कारण ते माझ्या मराठीत मला सांगता येणार नाही.

त्या म्हणाल्या, “कमी काय नाय रे बाबा. लिफ्ट हाय, तनुजा लई जीव लावती. पण तिथं मी आई हाय, आजी हाय, काकू हाय. गावाकडं गेलं तर अक्का हाय. मला मुक्ता म्हणणारं कोण राह्यलं सांग? माझी माय गेली, थोरला भाऊ गेला. तुझे बाबा कधीमधी म्हणायचे, ते बी गेले. आता साऱ्या दुनियेत मला नुसतं मुक्ता म्हणून हाक मारणारी ही एकच बाई हाय. तिच्या शेजारून मला नको नेऊ.”

आणि त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

ऋतुराजनं आईचा हात धरला, आणि मला म्हणाला, “गुलशन मावशी, तब्येतीला जपा.” एवढंच. पण त्या दिवसापासून मी बीपीची गोळी चुकवलेली नाही.

वेळ बराच झाला आहे आणि आतून तळणीचा वास येतोय. ताटात कुरडई आहे, निर्धास्त खा, आता तिचं पाणी कर्दळीला जातं. अध्यक्षांचे, अप्पारावांचे, मशीनवाल्यांचे, बन्सी मिस्त्रींचे आणि आईला राहू देणाऱ्या ऋतुराज-तनुजाचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाची जास्त थट्टा झाली असेल, जेवणाआधी नको ते ऐकवलं गेलं असेल, तर सगळ्यांनी पदरात घ्यावं.

आणि एक माफी व्यासपीठाकडं वळून मागायची आहे. सभेची रीत म्हणून मघापासून मी तुला मुक्ताबाई, मुक्ताबाई म्हणत आले. मनावर घेऊ नकोस, मुक्ते.