गुंडी छज्ज्यावर

भाची : आत्या, हळू बोल. अंग चोरून बसलीये ती. जराशी दचकली तरी खाली जाईल.

आत्या : मी कुठे बोलतेय? चार मजले आहेत गं, आणि खाली सगळी फरशी.

भाची : माहितीये मला. गुंडी, ए गुंडी, बघ माझ्याकडे. पण ही मांजर छज्ज्यावर गेलीच कशी? या खिडकीला जाळी असते ना?

आत्या : धुवायला काढली होती. कापडाचा भुसा बसून पार बुजली होती. म्हटलं, तू कामावरून यायच्या आत लावून टाकू.

भाची : बरं, असू दे. तू शिलाई मशीनपाशीच थांब, हलू नकोस. मी बोलावते तिला.

आत्या : बोलावते म्हणजे कशी?

भाची : चुटकी वाजवून. महिनाभर तेच तर शिकवतेय. चुटकी वाजली की असेल तिथून येते माझ्याकडे. कपाटावरून, पलंगाखालून, कुठूनही. चिकनचा तुकडा मिळतो ना.

आत्या : अगं, थांब जरा. चुटकी नको.

भाची : का नको?

आत्या : नको म्हटलं ना. दुसरं काहीतरी कर.

भाची : दुसरं काही येत नाही तिला. तू बघच, एका चुटकीत येते की नाही. हं, गुंडी... अरे. आत्या, ती मागे सरकली. मागचा पाय कडेला लागला तिचा.

आत्या : पाया पडते तुझ्या, पुन्हा वाजवू नकोस.

भाची : ती मागे सरकेल हे तुला कसं माहीत?

आत्या : मीही वाजवते ना.

भाची : तू?

आत्या : तू गेलीस की ही इस्त्रीच्या टेबलावर चढते. गिऱ्हाइकांचे कपडे असतात तिथे. रेशमी कापडाचे धागे ओढून ठेवले हिने, बोलणी मी खाल्ली. हाकललं तर ढिम्म हलत नाही. मग म्हटलं, आपणही शिकवू या. तुझं पाहिलं होतं मी. चुटकी वाजली की ही मान वर करते. तेवढ्यात इस्त्रीच्या बाटलीतलं पाणी मारायचं.

भाची : कुठे मारायचं?

आत्या : तोंडावर. पाणीच गं, साधं पाणी.

भाची : आणि आज?

आत्या : आजही मारलं. ती उडाली ती थेट खिडकीतून. जाळी काढलीये हे डोक्यातूनच गेलं माझ्या.

भाची : एका शब्दाने सांगायचंस मला. मी इकडे खाऊ देतेय, तू तिकडे पाणी मारतेयस. आता कशाने बोलावू तिला?

आत्या : कुठल्या तोंडाने सांगणार? या घरात राहायला आलीस तेव्हा दोन शब्द बोलत नव्हतीस. जेवायचीस, ताट उचलायचीस, भिंतीकडे तोंड करून निजायचीस. ही आली आणि तू हसायला लागलीस. तुझ्या लाडकीला मी दम देते, हे काय सांगायचं होतं तुला?

भाची : मी जाते बाहेर.

आत्या : बाहेर कुठे?

भाची : छज्ज्यावर. दोन हातांवर तर आहे ती. पाइप धरून बसते आणि मान पकडून आत घेते.

आत्या : पाय आत घे. कसला छज्जा तो, पावसाला आडोसा म्हणून काढलेली फळी. मांजर पेलतोय हेच नशीब. आत घे म्हटलं ना पाय.

भाची : सोड मला, आत्या.

आत्या : सोडणार नाही. मलाही तिची काळजी आहे गं, पण तुला काही झालं तर मी जगून काय करू? तुझा तोल गेला तर या हातांनी धरवायची नाहीस तू मला. आत ये, बाळा.

भाची : मग काय करू? बघत बसू? आत्ता पंजा घसरला तिचा.

आत्या : बघितलं मी. जरा तिची नजर बघ. तुझ्याकडे नाहीये.

भाची : मग कुठे आहे?

आत्या : माझ्याकडे. तुझ्यामागे मी उभी आहे ना. मी इथे असेपर्यंत ती काही यायची नाही.

भाची : जाऊ नकोस. एकटीला भीती वाटते मला.

आत्या : मलाही वाटतेय. पण मी दाराबाहेर बसते, दार ओढून घेते. तू फक्त शब्द दे, पाय खिडकीबाहेर टाकणार नाहीस.

भाची : नाही टाकणार.

आत्या : माझ्याकडे बघून सांग.

भाची : नाही टाकणार, आत्या. जा तू.

(दार लागतं. इथून पुढे आत्या दाराबाहेरून बोलते.)

भाची : गेली आत्या. गेली बघ, गुंडी. चुटकी नाही वाजवणार मी. हात बघ, रिकामे आहेत. खाली बसते, हं. तुला तरी काय कळणार, कोणत्या चुटकीला खाऊ आणि कोणत्या चुटकीला पाणी. आम्हालाच कळलं नाही. बस, हवा तेवढा वेळ बस. फक्त कडेला नको. इकडे सरक. हं. अजून थोडी. घाबरू नकोस, मीही घाबरलेय. टेकव तो पाय. ये.

आत्या : आवाज कसला झाला? अगं, बोल काहीतरी.

भाची : आली.

आत्या : आणि तू?

भाची : मी आतच आहे. खिडकी लावली. मांडीवर घेतलंय तिला, नुसती थरथरतेय.

आत्या : भुईला बसलेय मी. येऊ का आत? एकदा डोळ्यांनी बघू दे तिला.

भाची : नको, आत्या. अजून दाराकडेच बघतेय ती.

आत्या : बरं. मग मी इथेच बसते.