सरळ जा, म्हणे!

हो, हो, ऐकू येतंय मला. सरळ जा, सरळ जा! आत बसून केव्हाचा ऐकतोय. आधी तिचं तोंड बंद कर. सरळ काय आहे? डोळे आहेत ना तुला, बघ की काचेतून — भिंत आहे. पाया खणून, सळ्या घालून, माझ्या या हातांनी बांधलेली भिंत. आणि तुझी ती यंत्रातली बाई म्हणते सरळ जा. शी! किळस आलीय मला त्या आवाजाची. कुंडी फोडलीस ती फोडलीसच, वर मलाच विचारतोस, काका, मागे घेऊ का — मग काय, पुढे घेणार? थांब, तसाच थांब. आता घाईनं मागे घेतलास तर फाटकाचा खांब पाडशील, तेवढंच राहिलंय. इंजिन बंद कर, धूर सगळा घरात जातोय. उतर खाली.

आण ते यंत्र इकडे. काढ काचेवरून, काढ, खात नाही मी त्याला. हं, बघ, हीच ती निळी रेघ. फाटकातून आत, नळाजवळून, अंगण कापून थेट भिंतीच्या आरपार. नकाशा कधीचा आहे हा? कालच नवा उतरवलास? मग झालंच कल्याण. नाही रे बाबा, बंद करून चालू केल्यानं काही होत नाही, सगळे तेच करतात — तो सिलिंडरवाला, तो टाकीवाला, सगळे. माझ्या अंगणात हात वर करून उभे राहतात, उपग्रह सापडत नाही म्हणून. अरे, उपग्रहाला सापडलायस तू! तुझी गाडी कुठे आहे ते त्याला बरोबर कळलंय — माझ्या उरावर आहे. चूक उपग्रहाची नाही, चूक नकाशाची, पण या दोन गोष्टी वेगळ्या असतात एवढं कोणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ. इथे जा. सेटिंग. खाली, अजून खाली. ‘नकाशातील चूक कळवा’. दाब. आता रेघेवर बोट ठेव. आले ना पर्याय? वळण चुकीचं, नाव चुकीचं, ‘रस्ता अस्तित्वात नाही’. ते शेवटचं. झोपेत उठवलंस तरी दाबून दाखवेन. तुला सांगतो, माझ्याकडे गाडी नाही, सायकल आहे नुसती, तरी मी असलं एक यंत्र विकत घेतलंय, फक्त हे एक बटण दाबायला. हसू नकोस, हसण्यासारखं काही नाहीये त्यात.

तर कळवायचं. मग ते म्हणतात, पडताळणी सुरू आहे. करा बाबा पडताळणी. मग एक दिवस रेघ जाते आणि मी जरा सुखानं चहा पितो. आणि पुढचा नकाशा आला की रेघ परत हजर! कशी? तर पलीकडून कोणीतरी कळवतं की रस्ता आहे. आणि वर काय लिहितं माहितीये? ते पिवळं चिन्ह दाब, तूच वाच. वाच ना मोठ्यानं, लाजतोस कसला. ‘रस्ता आहे. तात्पुरता बंद.’ तात्पुरता! कळतंय ना तुला? यंत्राला तात्पुरता बंद म्हटलं की ते बिचारं थोडे दिवस गाड्या दुसरीकडून पाठवतं, मग त्याला वाटतं, आता उघडला असेल रस्ता, की पाठवतं परत माझ्या छाताडावर. मी नाही म्हणायचं, तिनं आहे म्हणायचं. अशी जुंपलीय आमची, आणि कुंड्या फुटतायत माझ्या.

ती म्हणजे कोण काय? वहिनी. दुसरं कोण. तू ज्या घरी निघालायस ना मागे, तिथलीच. जन्मभर शाळेत शिकवलं, चुका काढायची खोड जाते का कुठे. दादाला काय जमतंय, त्याला साधा फोन धड उचलता येत नाही. हो, दादा. सख्खा, थोरला. त्यात डोळे विस्फारायला काय झालं, भाऊ काय जगात मला एकट्यालाच आहे?

ती शेड दिसते ना, तिथे दोघांचा सुतारकीचा कारखाना होता. दादा बोलायचा नाही कधी. माणूस समोर उभा असताना हा लाकडावर ठोकणार. कपाट घेऊन जिना चढतोय, मी खालून, तो वरून, सगळा भार माझ्या खांद्यावर, घाम डोळ्यांत चाललाय — ‘धरलंय, सोड’ एवढं म्हणायला काय पैसे पडतात? नाही. नुसतं टक टक, दोनदा. म्हणजे धरलंय, सोड. उभ्या आयुष्यात असली चीड आली नाही मला कशाची. आणि जिथे गप्प बसायचं तिथे बोलला! दार केलं होतं मी, दवाखान्याचं. बोटभर कमी पडलं. पडतं, लाकूड आहे ते. गिऱ्हाईक उभं, कामाची माणसं उभी, आणि हा म्हणतो, ‘हे माझ्या हातचं नाही.’ चार माणसांत! माझ्या हातचं होतं हे काय कोणाला ठाऊक नव्हतं? तेवढंच जिभेवर यायचं होतं? त्या दिवशी जे मन उडालं ते उडालंच. वाटणी झाली आणि मी भिंत घातली.

पुढची बाजू मला कशी, म्हणजे? वहिनीनंच सांगितलं, रस्त्याकडचं धाकट्याला द्या, त्याचं गिऱ्हाईक दारात येऊ दे, आपण राहू मागे, येण्याजाण्यापुरतं त्याच्या अंगणातून जाऊ. उपकार! मी मागितले होते? एकानं चारचौघांत लाज काढायची आणि दुसरीनं मोठेपणा मिरवायचा — मला नको होते असले उपकार. काय? मग पुढची बाजू परत दिली का? तू टेम्पो चालवायला आलायस का न्यायनिवाडा करायला? जातात ते नाल्याकडच्या पायवाटेनं. माणूस जातो, सायकल जाते. गाडी नाही जात. नाही जात तर नाही जात, मी काय नाल्यावर पूल बांधू?

तुझं एकट्याचं काय घेऊन बसलायस, मागच्या आठवड्यात ॲम्ब्युलन्स आली होती. ॲम्ब्युलन्स! आता बोल. इथेच, तू उभा आहेस तिथेच, वर दिवा फिरतोय, भोंगा बोंबलतोय, सगळी गल्ली गोळा. तोही असाच यंत्र नाचवतोय माझ्यापुढे, रस्ता दाखवतंय म्हणे. मी म्हटलं, नकाशा चुकलाय तुझा, वळव गाडी, नाल्यापर्यंत जा आणि पुढे पायी जा. तरी हटेना. काका, घाई आहे, भिंतीला दार नाही का कुठे! दार म्हणे. चांगला झापला त्याला, तेव्हा गेला. माणसं अशी यंत्राच्या आहारी गेलीत की समोरचं दिसत नाही. कोणाला न्यायला आली होती? मला काय माहीत. मागे काय एकच घर आहे, नाल्याला लागून चार-पाच आहेत. नाही विचारलं मी. का विचारू?

ते स्टूल? भिंतीला लावलेलं ते? आमच्या हिचं आहे. कपडे वाळत घालते त्यावर चढून. दोरी तिकडे आहे, हो, मलाही दिसतंय दोरी तिकडे आहे. तू तुझं काम कर.

आणलंयस तरी काय एवढं? उचल ती ताडपत्री. हं, पलंग. लोखंडी. हे हँडल कसलं — अच्छा, ते फिरवलं की डोक्याकडून वर होतो, तो. दवाखान्यातला. हा कोणाला लागतो तिकडे? दादाला काय धाड भरलीय, काल सकाळी रंधा मारत होता, मी ऐकला. बाईंसाठी? कोण बाई? नीट सांग. नाव काय सांगतोस मला, वहिनीचं नाव मला माहितीये. काय झालंय? उठता येत नाही म्हणजे काय, चांगली हिंडतीफिरती — पडली? कधी?

मागच्या आठवड्यात.

म्हणजे ती गाडी.

अगं ए! बाहेर ये. ये बाहेर, दारामागे उभं राहून ऐकू नकोस. तुला माहीत होतं? बघ, मान खाली घातली. माहीत होतं. रोज त्या स्टुलावर चढून गप्पा मारायच्या आणि मला घरात कोणी सांगायचं नाही. मी काय परका आहे? मी विचारलं नाही म्हणून? मी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही! कसं नेलं मग तिला? खुर्चीत बसवून? त्या चिखलातून? आणि खुर्ची कोणी धरली, दादानं? या वयात? ओरडत होती का ती — नको. नको सांगूस. जा आत. नाही, थांब, माझा पाना आण. मोठा.

माझ्याकडे काय बघतोस? भिंतीचं नाव काढू नकोस. भिंत तशीच राहणार, सांगून ठेवतो. पलंग सुटा करू आणि वरून देऊ. आडवा कर, असा. शी, काय हे काम! जोड बघ, थुंकी लावून चिकटवल्यासारखे. यावर झोपवणार तिला? हा बोल्ट तर हातानं फिरतोय. दुसरे घालतो मी घरातले. ती लग्न होऊन आली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. मोजपट्टी तिनं शिकवली मला वाचायला, बापानं नाही, दादानं नाही. आणि तरी मेलं ते दार कमीच कापलं मी. धर ना नीट, बोट चेमटेल.

चल. मी स्टुलावर चढतो, तू खालून दे. डोक्याकडचा भाग आधी. अगं, तू हाक मार त्यांना, मी मारणार नाही. धरा म्हणावं पलीकडून. उचल रे. वर, अजून वर, हं. आलं का कोणी? नुसती बोटं दिसतायत इथून. अहो, पलीकडचे! पेललं का? जड आहे, डावीकडून कलतंय. पेललं का, विचारतोय मी! अरे, सोडू का नको, कसं कळायचं माणसाला? जीभ झडलीय का? एक शब्द बोलायला काय —

ऐकलंस?

दोनदा वाजलं ना? तू ऐकलंस ना?

सोडलं. सोडलं मी, दादा.

दे, पुढचा दे. थांबलास कशाला? गादी शेवटी. हे बोल्ट माझ्या खिशात घाल, ते मी — ते मी नेऊन देतो नंतर. हं. झालं. आता तू जा. फाटक जपून, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरव. कुंडीचं राहू दे. आता काय? कसलं बटण? ‘पाठवू का’ विचारतंय? दाबलं नव्हतंस का तू मघाशी? नको. काही पाठवू नकोस. आधीचं आहे तेच राहू दे, तिनं लिहिलेलं. का म्हणजे? तुला काय करायच्यात चौकशा? नीघ.