कोजागिरीचं दूध तळ्याकाठी

सदरच्या बसथांब्यावर उन्नती लेकीचं मनगट घट्ट धरून उभी होती. पुढे एका आजी-आजोबांची जुंपली होती. आजी म्हणत होत्या,

"तळ्याची भिंत पाडून बगीचा केला. आता तळं साऱ्यायले दिसते. कोजागिरीले आपल्या गच्चीवर कोन येते?"

"माहं आटवलेलं दूध प्यायले येतीन नं!"

"दूध तं तुम्ही दरसाल करपवता. लोक गच्चीवरून तळं पाहाले येत होते."

"मंग गंजभर दूध घेऊन आपणच बगीच्यात जाऊ वं. चांदण्यात करपलेलंही पांढरंच दिसते."

"अन् पिईन कोन?"

उन्नतीला राहवलं नाही.

"आजी, तिथं काठाला कठडा आहे ना?"

"आहे वं. तुया पोरीच्या डोक्याच्या वर जाते."

"मग आम्ही दोघी येऊ."

आजी नवऱ्याकडे वळल्या.

"ऐकलं? यंदा दूध मी आटवते."