शोध विमानाचा आणि अटक आमच्या मालकांना

मालुबाई कोम, म्हणजे बायको, शामू गावडे, वय अदमासे तीस, धंदा शेती, राहणार मौजे करंजाळवाडी, तालुका खानापूर. सन १९३६, फेब्रुवारी महिना.

समक्ष सांगते की, आमच्या मालकांना काल बाजारात धरले. डोक्यावर विमानवाल्या बाईची चामड्याची टोपी, डोळ्यांवर तिचाच चष्मा, हातात पेट्रोलचे दोन डबे. बेपत्ता झालेल्या सुनंदाबाई हेरेकर यांना मारून हे त्यांचे विमान जाळायला निघाले होते, असे फौजदार साहेब म्हणतात. आता गं बया! कोंबडी कापायची म्हटली तरी आमचे मालक घरामागच्या परड्यात जाऊन बसतात. हे पण लिहा.

सुनंदाबाई जिवंत आहेत, माझ्याच घरी आहेत. गेल्या सोमवारी पेट्रोल संपून त्यांचे विमान आमच्या कापलेल्या भातशेतात उतरले. आख्खा गाव लपला. बाई एकट्याच खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "आक्का, चहा मिळेल का हो?" उतरताना पाय मुरगळला, पण तोंड बंद नाही. माझी सासू अंबुबाई हिला त्यांनी हौसेने विमानात बसवले. सासू उतरायला तयार होईना. तिला ऊन लागू नये म्हणून वर मांडव घातला.

मंगळवारी बाईंना शोधायला दुसरे विमान आभाळात फिरले. आम्ही हात केले, त्यांनीही हात केला आणि गेले. मांडवाखालचे त्यांना काय दिसणार!

मागून तुमची माणसे आली. जमादारांनी कानडीत विचारले, विमान आलंय का? मालकांचे कानडी बाजारापुरते. त्यांना म्हणायचे होते 'इल्ले', म्हणजे इथंच. आनंदाच्या भरात म्हणाले 'इल्ला! इल्ला!', म्हणजे न्हाय, न्हाय. वर घराकडे हात केला. जमादारांना वाटले, जा म्हणतोय. माणसे गेली रानात. त्यांच्यासाठी टाकलेला चहा आम्हीच प्यालो.

मग बाईंनी पेट्रोल आणायला मालकांना पाठवले. दुकानदार बाईंच्या ओळखीचा, त्याला खूण पटावी म्हणून टोपी आणि चष्मा दिला. खूण पिशवीतून न्यायची, तर हे घालून गेले. लई हौस! म्हणून गावले.

बाई जिवंत असल्याचा पुरावा काय, असे विचारल्यावरून सांगते की, पुरावा मागून येतोय. त्या विमानाचे पंख मिटतात. त्याला शेजारच्या रवळूची बैलजोडी जुंपलीय. मलाच दम धरवला न्हाय, म्हणून पुढे चालत आले. मालकांना फाशी होणार असे कुणीतरी म्हणाले, तेव्हापासून अन्न गोड लागेना. मला माझा माणूस पाहिजे, साहेब. दुसरे काही मागत नाही.

बाहेर गलका झाल्याने साहेब उठून गेले, म्हणून लिहिणे थांबले. आता साहेब परत आले आहेत. दारात बैल आहेत, विमान आहे, सुनंदाबाई आहेत. पुढच्या जागेवर सासू बसली आहे, ती अजून उतरत नाही. सुनंदाबाईंनी साहेबांना विचारले, "माझा माणूस आणि माझं पेट्रोल का अडवलंत?" साहेबांना घाम आला. कोठडीचे कुलूप काढले. मालक बाहेर आले, टोपी डोक्यावर तशीच.

वरील जबाब मला वाचून दाखवला. हसण्यात निम्मा ऐकू आला नाही, तरी सगळा खरा आहे. डाव्या हाताचा अंगठा उठवते. उजव्या हातात मालकांचे मनगट आहे, ते घरी जाईपर्यंत सोडणार न्हाय.