फक्त वर्गातल्या मुलांसाठी

नाही जयेश सर, चोरी नाही ही — चोर असा तुमच्यासमोर बसून बोलला असता का? तुम्ही मराठी आहात म्हणून बोलतोय, एरवी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. सातवीत शाळा सुटली माझी. इथं कॉलेजात ऑनलाइन वर्गांचे व्हिडिओ चढवायचे, आवाज तपासायचा, एवढंच माझं काम. पण तुमच्या कंपनीची अट पाठ आहे मला — फिल्म फक्त वर्गातल्या मुलांनी बघायची, बाहेर कुणाला दाखवायची नाही. मग चंदगडकडच्या खेड्यात एवढी माणसं कशी बघत बसली? — सांगतो ना. वर्षश्राद्ध होतं, सर. भावकी जमलेली. आई म्हणाली, पानं वाढायच्या आधी माझा पोरगा बघून घ्या सगळ्यांनी. चुलतभावानं मोबाइल टीव्हीला जोडला, कुणीतरी त्याचं शूटिंग करून यूट्यूबवर टाकलं. त्यांना काय ठाऊक, माणूस गेला तरी त्याचं चित्र दुसऱ्याच्या मालकीचं असतं —

पोरगा म्हणजे प्रवीण, माझा थोरला भाऊ. इथंच आखातात, सित्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. फिल्म तिथल्याच कामगारांवर आहे ना, तुम्ही बघितली असेल — नाही? विकता, पण बघत नाही? असू दे. कंपनीच्या बसमध्ये तो घाम पुसत हसतो आणि म्हणतो, ‘आईला सांगू नका इथं किती उकडतं ते.’ त्याच उन्हाळ्यात झोपला तो उठलाच नाही. पेटी गावाला गेली, पण उघडू दिली नाही कुणी. आईनं तोंडच बघितलं नाही त्याचं. फोटो आहेत हो, पण फोटो बोलतो का? फिल्ममध्ये तो बोलला की ती रोज म्हणते, ‘कळलं रे बाबा.’ सुहा मॅडम, ज्यांनी फिल्म काढली, त्यांच्याकडे तेवढाच तुकडा मागितला होता मी. म्हणाल्या, हक्क कंपनीला दिले, आता माझ्याही हातात नाही.

लॉगिन? माझंच दिलं आईला, आवाज तपासायला मिळालेलं. इरावती मॅडमचा काही संबंध नाही. त्या फक्त वर्गात ही फिल्म शिकवतात. त्यांनी तर उलट बजावलं होतं, एकट्या आईलाच दाखव, गावाला नको —

नाही. सर, असं नाही म्हणालो मी. म्हणजे म्हणालो, पण — ते नाव कशाला लिहिताय? त्यांचा व्हिसा कॉलेजच्या नोकरीवर आहे, मुलगी इथं शाळेत आहे. मला काढा ना! यल्ला म्हणा, चल नीघ म्हणा, आज निघतो. तुम्ही फिल्म इथून काढून टाकायलाच आला होता ना? मीच काढतो, माझ्या हातानं — ही बघा, वर्गातून गेली — ही कॉलेजच्या कॉम्प्युटरवरूनही गेली. खलास. आता तरी —

माझाच फोन. आई असणार. देवापाशी दिवा लावून झाला की बघायला बसते ती — फिल्म लागत नाही म्हणून विचारत असेल.

वाजू दे. तुम्ही आधी ते नाव खोडा, सर.