टेमघरच्या लाल घराच्या दर्शनी कामाबाबत

नाव : सौ. मृणाली प्रितेश भोईर, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी, राहणार टेमघर, भिवंडी, जिल्हा ठाणे.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती प्रितेश, दीर विशाल व सासरे दौलत रामनाथ भोईर, वय ७६ वर्षे, असे एकत्र राहतो. सासऱ्यांच्या बाबतीत "राहत होते" असे लिहावे लागेल, असे मला सांगण्यात आले. तसे लिहावे.

मी दापोडे येथील एका गोदामात पॅकिंगचे काम बघते. पतींचा टेम्पो आहे. दीर लूमच्या कारखान्यात ड्युटीला आहे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या आहेत.

आमचे घर सासऱ्यांनी बांधलेले आहे. त्यांची पूर्वी खाडीच्या बाजूला वीटभट्टी होती. घरासाठी विटा त्यांनी स्वतः निवडून, वाजवून घेतल्या असे ते सांगत. बाहेरून गिलावा केलेला नव्हता. कोणी विचारले तर "भाजलेल्या विटंला कापडं कशाला?" असे म्हणत. गल्लीत व रिक्षावाल्यांत आमच्या घराला लाल घर म्हणतात.

मागील पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीतून ओल आली व खालच्या विटा लोणा लागून झडू लागल्या. दिवाळीनंतर दिराला मुलगी दाखवण्याचे चालले होते. मुलीकडची मंडळी घर बघायला आली, तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईंनी हे घर पाडून बिल्डिंग करणार का, असे विचारले. त्यावरून घराचा दर्शनी भाग नवा करायचे पतीने व दिराने ठरवले. माझेही तेच म्हणणे होते.

पतीने सासऱ्यांना मोबाईलवर चित्र दाखवले. त्यांनी मोबाईल लांब धरून बघितला व "ह्या कोनाचा घर?" असे विचारले. पती म्हणाले, "आपलाच, बाबा. असा होनार." त्यावर सासरे बराच वेळ चित्र बघत होते. नंतर म्हणाले, "करा. आतून तसाच ऱ्हानार ना?" मी हो म्हटले.

सासऱ्यांना वर्षभरापासून विसर पडत होता. चहा घेऊन पुन्हा चहा मागत. माणसे ओळखत. डॉक्टरांनी वयाने असे होते म्हणून सांगितले होते. ते रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर जाऊन बसत आणि दिवेलागणीच्या आत एकटे परत येत. घरी यायला कधी चुकले नव्हते.

काम सुरू झाल्यावर धुळीने त्यांना खोकला लागला, म्हणून त्यांना माझी नणंद तुळजा हिच्या गावी पाठवले. ते तिकडे असताना परांची बांधून पुढच्या व बाजूच्या भिंतींना प्लास्टर केले, वर करडा रंग दिला, खिडक्या काढून स्लायडिंगच्या बसवल्या, ओट्याचा कठडा तोडला, फाटकाच्या खांबांना टाइल लावल्या. जुने दार बदलून नवे बसवले. विटेचा भाग बाहेरून कुठेही दिसत नव्हता.

जानेवारीतल्या एका रविवारी पतीने त्यांना टेम्पोतून परत आणले. फाटकासमोर टेम्पो थांबला तरी ते उतरले नाहीत. "इथं कशाला थांबलास?" असे त्यांनी पतीला विचारले. पती म्हणाले, "घर आला, बाबा." ते म्हणाले, "आपला न्हाय ह्या." दीर हसला. मीही हसले. मी हात धरून त्यांना आत नेले. आत त्यांनी आपली खाट ओळखली, टोपी खुंटीला लावली. रात्री जेवताना "आपून घरी कवा जायाचा?" असे एकदा विचारले. मी हेच घर आहे म्हटल्यावर ते पुन्हा जेवू लागले. 

दुसऱ्या दिवशी सोमवारी मी, पती व दीर नेहमीप्रमाणे कामावर गेलो. फाटकाला करडा रंग द्यायचा राहिला होता. आधीचा रंगारी न आल्याने ठेकेदाराने रामू नावाचा दुसरा कामगार दुपारनंतर पाठवला. तो आमच्याकडे पहिल्यांदाच आला होता. सासरे देवळाकडे गेले ते त्या दिवशी लवकर, तो येण्याच्या आधी गेले असावेत.

मी संध्याकाळी घरी आले तेव्हा रामू ब्रश धूत होता. घर उघडेच होते, खाटेवर सासरे नव्हते. मी त्याला विचारले असता तो म्हणाला, "एक बाबा आये थे. दौलत भोईर का लाल मकान पूछ रहे थे. मैंने बोला, इधर लाल मकान कोई नहीं है." त्यावर सासरे "हाय. मीनीच बांदलाय," असे म्हणाल्याचे रामूने सांगितले. नंतर ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. फाटकापाशी थांबले व खांबाला हात लावून उभे राहिले. त्यांनी फाटकालाही हात लावला तेव्हा रामूने रंग ओला आहे, हात लावू नका असे सांगितले. सासऱ्यांनी हात धोतराला पुसला, "चुकलो, बाबा," असे म्हणाले व मुख्य रस्त्याच्या दिशेने निघून गेले. ते कोण आहेत हे रामूला माहीत नव्हते.

मी देवळापर्यंत धावत गेले. तेथे कोणी नव्हते. पती व दीर आल्यावर आम्ही व शेजारचे केसरीनाथ यांनी रिक्षा स्टँड, बाजार व नणंदेच्या गावाचा रस्ता बघितला. लोकांना वर्णन सांगताना पती "लाल घरातले दौलतशेठ" असे सांगत होते. त्याच रात्री पोलीस ठाण्यात ते बेपत्ता असल्याची नोंद केली. थंडी होती. त्यांच्या अंगात फक्त सदरा होता.

सकाळी पोलिसांचा फोन आल्यावरून आम्ही भिवंडी शहरात निजामपुऱ्यातील एका गल्लीत गेलो. तेथे विटांचे एक जुने घर आहे. घराला कुलूप असून त्याचे मालक कल्याणला राहायला गेले आहेत. त्या घराच्या ओट्यावर सासरे बसलेले होते. पाठ भिंतीला टेकलेली होती. अंगावर कोणाची तरी चादर होती. उजव्या हाताला करडा रंग लागलेला होता. मी त्यांना ओळखले. पतीने त्यांना हाक मारली. दोनदा मारली.

समोर राहणाऱ्या कमळा नावाच्या बाईंनी मला पुढीलप्रमाणे सांगितले. काल अंधार पडल्यावर हे आजोबा आले व ओट्यावर चढून दार वाजवू लागले. "मृनाली, कडी काढ गो," असे हाक मारत होते. त्या घरातले कोणी नातेवाईक असतील असे त्यांना वाटले. त्यांनी पाणी दिले व घरात कोणी नाही, आमच्याकडे येऊन बसा, असे सांगितले. त्यावर ते म्हणाले, "सूनबाय ड्युटीवरशी आली नसंल. येईल आता. मी हितंच बसतो." बाईंनी त्यांना चादर आणून दिली. ते निवांत बसले होते, असे त्या म्हणाल्या. घर बघून हसतही होते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हृदय बंद पडून मरण आल्याचे सांगितले.

रामू अंत्यविधीच्या दिवशी येऊन फाटकाबाहेर बसून होता. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. आमच्या घरातल्या माणसाची ओळख आम्ही त्याला दिली नव्हती. कमळाबाईंविरुद्ध तक्रार नाही. मरणाबाबत माझा कोणावरही संशय नाही.

दुखवट्याला मुलीकडची मंडळी आली होती. घर चांगले झाले, असे त्यांच्यातले कोणीतरी म्हणाले. ती गेल्यावर पतीने छिन्नी-हातोडा घेऊन दाराजवळचे प्लास्टर काढायला सुरुवात केली. प्लास्टरबरोबर विटांचे तोंडही निघून येऊ लागले. केसरीनाथ यांनी त्यांचा हात धरून त्यांना थांबवले. सध्या दाराच्या बाजूला माणसाच्या उंचीएवढा भाग उखडलेला आहे. आतला रंग लाल आहे, पण वीट एकही धड नाही.

माझा जबाब हवालदारांनी मला मराठीत वाचून दाखवला. त्यात "मयत हे घरी परत येताना रस्ता चुकले" असे वाक्य होते. ते रस्ता चुकले नव्हते. ते दोन वेळा घराच्या फाटकापर्यंत बरोबर आले होते. म्हणून ते वाक्य माझ्या सांगण्यावरून खोडले आहे व खोडल्या जागी मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिलेले आहे.

सही
सौ. मृणाली प्रितेश भोईर